पुणे, हिरोशिमा आणि पुन्हा पुणे

एकच माणूस आधी पुण्याचा बिशप, मग हिरोशिमाचा धर्माधिकारी आणि पुन्हा पुण्याचाच बिशप झाला. हाइनरिश डोरिंग यांचे चरित्र इतके विलक्षण, तरी महाराष्ट्रात त्यांचे नाव क्वचितच निघते.

1859 मध्ये जर्मनीतल्या बोखोल्ट येथे ते जन्मले. 1872 च्या कायद्याने बिस्मार्कच्या राजवटीने येशूसंघाला, म्हणजे जेझुइटांना, देशाबाहेर घालवले. त्यामुळे जेझुइट व्हायचे तर डोरिंग यांच्यासारख्या जर्मन तरुणाला मायभूमीवर पाणी सोडावे लागे. मुंबई-पुण्याचे मिशन मात्र 1850 च्या दशकापासून जर्मन येशूसंघीयांकडेच होते.

पोप तेरावे लिओ यांनी 1886 मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापला. पहिले बिशप बायडर-लिंडन. त्यांच्यामागे 1907 मध्ये डोरिंग आले. कॅथेड्रल होते सेंट पॅट्रिक, कॅम्पात आयरिश सैनिकांसाठी 1850 मध्ये बांधलेले. पण पलटण हलली की भाविकही हलत. धर्मप्रांताने खरे मूळ धरले ते नगर जिल्ह्यात, राहुरी-संगमनेरकडच्या महार-मांग वस्त्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनकडे येणारे वाढले. त्यातले भाकरीसाठी किती आणि श्रद्धेने किती, हा वाद जुनाच. मला वाटते, गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना शाळेचे आणि शेजारी बसवून घेणाऱ्या फादरचे मोल भाकरीहून कमी नव्हते.

पहिले महायुद्ध पेटले आणि हेच जर्मन फादर इंग्रज सरकारच्या लेखी शत्रू ठरले. अनेकांना नजरकैदेत ठेवून पुढे देशाबाहेर पाठवले गेले. डोरिंगही आपल्या धर्मप्रांताला दुरावले. गंमत अशी, की युद्ध चालू असतानाच, 1917 मध्ये, जर्मनीने येशूसंघावरची बंदी उठवली. डोरिंग यांना पुढे रोमने जपानला धाडले. साठी उलटलेली, ख्रिस्ती मूठभर, आणि हिरोशिमाचे मिशन पायापासून उभारायचे. 1945 मध्ये अणुबाँब पडला तेव्हा जखमींची शुश्रूषा करणारे पेद्रो आरुपे याच मिशनमधले.

डोरिंग 1927 मध्येच पुण्याला परतले होते. आता ते वैयक्तिक मानाने आर्चबिशप होते, धर्मप्रांत मात्र साधाच. 1948 पर्यंत त्यांनी तो सांभाळला. त्यांच्यानंतर अँड्र्यू डिसोझा हे पुण्याचे पहिले भारतीय बिशप झाले. डोरिंग 1951 मध्ये वारले.

नगरच्या मिशनचा प्रदेश 1987 मध्ये नव्या नाशिक धर्मप्रांतात गेला. तिथले पहिले बिशप थॉमस भालेराव, मराठी आणि येशूसंघीयच.