धाव चढते तेव्हा

बैलगाडीचं लाकडी चाक खिळ्यांच्या जिवावर उभं नसतं, आणि गोंदाच्या तर नाहीच. तरी कापसाचं ओझं घेऊन ते खडकाळ वाटेवरून वर्षानुवर्षं गडगडत जातं. हिंगोली, कळमनुरी, सेनगावकडच्या एखाद्या गावात जुनी गाडी दिसली तर चाकापाशी बसून नीट पाहा. मधोमध जाड तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसलेले कमानदार पाटे, आणि या सगळ्यांना बाहेरून कवळून धरणारी लोखंडी पट्टी. ती पट्टी म्हणजे धाव.

लोखंड झिजतं, लाकूड वाचतं, एवढंच तिचं काम असावं असं वाटतं. खरं काम वेगळंच आहे, आणि ते कळायला धाव चढताना पाहायला हवी.

बाभळीच्या लाकडाचं चाक घडवतो सुतार. धाव मात्र लोहाराची. तो चाकाचा घेर मोजतो आणि पट्टी मुद्दाम थोडी कमी घेतो, साधारण बोटाच्या रुंदीएवढी. टोकं जोडून कडं तयार झालं की ते चाकावर बसतच नाही. बसूच नये! मग कडं जमिनीवर आडवं ठेवून त्याच्या भोवती गोवऱ्या रचतात आणि पेटवून देतात.

आता थोडा हिशेब. पाच फुटी चाकाचा घेर सुमारे ४.८ मीटर. लोखंड तापलं की अंशामागे, मीटरमागे वाढतं किती? जेमतेम ०.०१२ मिलिमीटर. डोळ्याला दिसणारही नाही. पण कडं ६०० अंशांनी तापलं की त्याचा घेर तब्बल साडेतीन सेंटिमीटरनी वाढतो. मघाशी न बसणारं कडं आता चाकावर सैलसर उतरतं. लोहाराने हे गणित कागदावर कधी मांडलेलं नसतं. लोखंडाचा रंग पाहून तो ‘उचला’ म्हणतो.

पुढचा खेळ घाईचा. दोघे-तिघे सांडशीत धरून लालबुंद कडं चाकावर टेकवतात, घणाचे घाव घालून सरळ करतात. लाकूड पेट घेऊ लागतं, धुराचा लोट उठतो, आणि त्याच क्षणी घागरीच्या घागरी पाणी ओतायचं. उशीर झाला तर पाटे जळाले. पाण्याने लोखंड आकसतं, पण आत लाकूड असल्यामुळे त्याला हवं तेवढं आकसता येत नाही. तो राहिलेला ताण चाकाला चहूबाजूंनी आत दाबत राहतो. पाट्यांमधल्या फटी मिटतात, आरे तुंब्यात खोल रुततात, सांधे कडकड वाजतात. सुटे तुकडे होते त्यांचं एकसंध चाक होतं. मला विचाराल तर शाळेत प्रसरण शिकवायला यापेक्षा चांगला प्रयोग नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या थडग्यांत दोन हजार वर्षांहून जुन्या रथांच्या लोखंडी धावा सापडल्या आहेत. जगभरातल्या आगगाड्यांचा संसारही बराच काळ याच तत्त्वावर चालला: चाकाच्या गाभ्यावर पोलादी कडं तापवून चढवायचं. जर्मनीच्या क्रुप कंपनीचं तीन कड्यांचं बोधचिन्ह अशाच बिनजोड रेल्वे-कड्यांचं आहे.

लोखंडी धावेचा वैरी म्हणजे उन्हाळा. मराठवाड्याच्या उन्हात लाकूड सुकून आकसतं, लोखंड मात्र तेवढंच राहतं, आणि धाव ढिली होऊन खडखडू लागते. तात्पुरता इलाज म्हणजे चाक पाण्यात भिजत ठेवायचं, की लाकूड फुगून पुन्हा घट्ट बसतं. तेवढ्याने भागलं नाही तर धाव काढून, थोडी कापून, पुन्हा चढवायची.

आता बहुतेक गाड्यांना रबरी टायर आले. ते बैलांना हलके जातात आणि डांबरी रस्ता कापत नाहीत, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण तुमच्या शिवारात अजून कोणी धाव चढवत असेल तर जरूर जा, आणि आगीपेक्षा पाट्यांच्या सांध्यांवर नजर ठेवा.