घराचा कौल

राजूरच्या पुढं, भंडारदऱ्याच्या वाटेवर माझा मामेभाऊ घर बांधतोय. भिंती वाशांच्या उंचीला आल्या आणि घरात वाद पेटला: मंगलोरी कौलं घालायची की पत्रा टाकायचा? मामी कौलांच्या बाजूची, भाऊ पत्र्याच्या. मला विचारलं तेव्हा अंगणात नमुना म्हणून आणलेलं एक कौल आणि पत्र्याचा एक तुकडा मी हातात घेतला. त्याला आता दोन आठवडे झाले, आणि अजून त्या दोन वस्तू डोक्यातून जात नाहीत.

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, छपरांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे. कर्जत-पारनेरकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीला, चार-पाच हजार! दिवसभराच्या एसटी प्रवासात पाऊस दहापट होतो, आणि छपरंही बदलतात. पूर्वेकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या माथ्याची. सह्याद्रीच्या कुशीत मात्र पाखी उतरती, वळचणी खाली वाकलेल्या.

धाब्याचं गणित ऐकून मी थक्क झालो. तुळया, त्यावर किलचण, त्यावर पाला आणि वर फूटभर पांढरी माती. ऊन मातीत शिरतं, पण बैलगाडीच्या चालीनं. दुपारी डोक्यावर तापलेलं ऊन फूटभर माती ओलांडून आत पोचायला नऊ-दहा तास लागतात, आणि पोचतं तेव्हा तापमानाच्या चढउताराचा जेमतेम बारावा हिस्सा उरलेला असतो. म्हणजे दुपारचा ताव घरात उतरतो रात्री, जेव्हा माणसं वर धाब्यावर गार वाऱ्याला झोपलेली असतात. पण याच मातीचं वजन चौरस मीटरला चार-पाचशे किलो भरतं. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं नवा थर चढत गेला की आणखी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात असंच मातीचं माळवद आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो जीव गेले. छपराचं वजन हा विषय तेव्हापासून माझ्यासाठी नुसत्या हिशेबाचा राहिलेला नाही.

आता कौल. कोरं कौल जिभेला लावून बघा, चिकटतं. भाजलेल्या मातीत डोळ्यांना न दिसणारी लाखो छिद्रं असतात आणि ती ओलावा ओढून घेतात. पावसानंतर ऊन पडलं की तेच पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना कौलाची उष्णता घेऊन जातं. माठात पाणी गार होतं, तीच ही युक्ती. शिवाय दोन कौलांच्या फटींतून घर श्वास घेतं, चुलीचा धूर निघून जातो. १८६५ मध्ये मंगळूरला बासल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ही चपटी कौलं तिथून आपल्याकडे पसरली. कडेच्या खाचा बोटानं चाचपून पाहा. वाऱ्यानं पाणी वर रेटलं तरी ते खाचेत अडकतं आणि उतारानं खालच्या कौलावर पडतं. इथं ना खिळा लागतो ना डांबर, उतार तेवढा पुरेसा हवा.

आणि पत्रा! जाडी अर्धा मिलिमीटर. सपाट असता तर स्वतःच्या भारानं लोंबला असता. वहीचा कागद दोन बोटांवर आडवा धरा, वाकतो. त्याच्या पंख्यासारख्या घड्या घाला, मग त्याच्यावर पेन्सिल ठेवता येते. पाऊण इंचाच्या पन्हळीनं पत्र्याचा ताठपणा हजारपटीहून जास्त वाढतो, आणि त्यासाठी लोखंड जवळजवळ तेवढंच लागतं. १८२९ मध्ये हेन्री पामर या लंडनच्या गोदीतल्या अभियंत्यानं याचं पेटंट घेतलं होतं. चौरस मीटरला पत्रा भरतो चार-पाच किलो, मंगलोरी कौलं पस्तीस-चाळीस. मातीचा आकडा वर आलाच आहे.

पत्र्याच्या त्या तुकड्यावर मी खिळ्यानं ओरखडा काढला आणि दहा दिवस पावसात ठेवला. ओरखडा गंजला नाही. लोखंडावर जस्ताचा लेप असतो. साध्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, म्हणजे एका बाजूला केसाच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा थर. जिथं लोखंड उघडं पडतं तिथं शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. शेजाऱ्यासाठी झिजणारा हा धातू मला फार आवडला. जस्त संपलं की मात्र गंज चढतो, म्हणून पत्रा घेताना आधी लेपाचे ग्रॅम विचारावेत. रंग नंतर बघता येतो.

पत्र्याची खोडही तितकीच खरी आहे. वैशाखात तो साठ अंशांपलीकडे तापतो आणि सगळा ताव खाली डोक्यावर फेकतो. थंडीच्या रात्री उघड्या आभाळाकडे उष्णता सोडून तो हवेपेक्षाही गार होतो, आणि पहाटे आतून थेंब टपकायला लागतात. घाटमाथ्याच्या पावसात तर शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

मग कौलं सोडून लोक पत्र्याकडे का वळतात? मामीनंच सांगितलं. दरवर्षी पावसाआधी घर शाकारावं लागतं, आणि आता वर चढणारी माणसं मिळत नाहीत. वानरांच्या एका टोळीनं उड्या मारल्या की वीस-पंचवीस कौलं फुटतात. वाशांना चांगलं लाकूड कुठून आणायचं?

मी भावाला म्हटलं, पत्रा टाक, पण त्याच्या खाली फळ्यांचं छत कर, मधे वीतभर हवा मोकळी ठेव आणि ती हवा वळचणीतून शिरून आढ्यापाशी निघेल अशी वाट दे. तापलेली हवा आपोआप वर निघून जाते, आणि पावसाचा आवाजही फळ्यांवर बराच अडतो. तो कबूल झाला. पडवीवर मात्र मामीची कौलं. पावसात ती तिथंच तांदूळ निवडत बसते, आणि पागोळ्या तिला समोर दिसायला हव्यात.