सीताफळाचा गर गोड, बी मात्र डोळ्यांवर बेतणारे

दसरा जवळ आला की कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूरसारख्या बाजाराच्या गावांत सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. या भागात सीताफळ मुद्दाम लावलेले कमी आणि बांधावर, परसात आपोआप उगवलेलेच जास्त. फळ घरचे, फुकटचे आणि पौष्टिक. पण याच फळाच्या बिया उवा मारण्यासाठी वाटून डोक्याला लावण्याची जुनी पद्धत अजून गेलेली नाही. त्यातून डोळ्याला इजा झालेले रुग्ण दवाखान्यात येतात आणि त्यांत बायका व शाळकरी मुली अधिक असतात. म्हणून या झाडाची दोन्ही अंगे माहीत असलेली बरी.

थंडीतला भाऊबंद

सीताफळ, रामफळ आणि मामफळ ही एकाच कुळातील झाडे. हे कूळ मुख्यतः उष्ण प्रदेशातले. त्याला ठळक अपवाद म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागात वाढणारे पॉपॉ. कडाक्याच्या थंडीत ते पाने गाळून उभे राहते, उणे २५ अंशांपर्यंतचे तापमान सोसते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस केळी-आंब्याच्या मिश्र चवीची फळे देते. तिकडे बर्फ पडणाऱ्या गावांतही लोक ते घराच्या अंगणात लावतात. केंटकी राज्य विद्यापीठात त्यावर खास संशोधन चालते. पिकलेले पॉपॉ दोन-तीन दिवसांत मऊ पडते, त्यामुळे ते दूरच्या बाजारात पाठवणे अवघड. आपल्या सीताफळाचीही हीच अडचण आहे. दोन्ही फळे खरी घरच्या अंगणातलीच.

सीताफळाला मात्र कडक थंडी मानवत नाही. हिवाळ्यात त्याची पाने गळतात आणि उशिरा धरलेली फळे झाडावरच दगडासारखी कडक राहतात किंवा काळी पडतात. बाकी झाड काटक. हलकी, मुरमाड, निचऱ्याची जमीन त्याला चालते, पाणी साचणारी काळी जमीन चालत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला कलम लावले तर साधारण तीन वर्षांत फळ धरते. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने मराठवाड्यासाठी ‘धारूर-६’ हा वाण दिला आहे. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

झाडाला फुले भरपूर आणि फळे मोजकी, अशी तक्रार अनेक जण करतात. त्याचे कारण फुलाच्या रचनेत आहे. एकाच फुलातील स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि परागकण नंतर सुटतात. परागीभवनाचे काम बारीक भुंगे करतात. कडक ऊन व कोरडी हवा असेल तर फलधारणा होत नाही, पाऊस सुरू झाल्यावर ती सुधारते. फळावरच्या खवल्यांमधील फटी रुंदावून पिवळसर-पांढऱ्या झाल्या, म्हणजेच ‘डोळे उघडले’, की फळ काढावे.

गर किती खावा?

शंभर ग्रॅम गरातून सुमारे ९४ कॅलरी, २३ ग्रॅम कर्बोदके, ४ ग्रॅम तंतू आणि ३६ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व मिळते. वाढत्या वयाची मुले आणि अंगाने बारीक माणसे यांच्यासाठी हे चांगले अन्न आहे. मधुमेह असलेल्यांनी मध्यम फळाचा गर साधारण एका पोळीइतका धरावा. फळ खाल्ले तर त्या जेवणात एक पोळी कमी करावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे आधी डॉक्टरांना विचारावे. सीताफळाने सर्दी होते हा समज चुकीचा आहे. सर्दी विषाणूमुळे होते. फळ येते त्याच सुमारास हवा बदलते, म्हणून दोष फळावर जातो.

लहान मुलांना गर देताना बिया आधी काढाव्यात, बी श्वासनलिकेत अडकू शकते. बी चुकून अख्खे गिळले गेले तर टणक कवचामुळे ते बहुधा तसेच शौचावाटे बाहेर पडते. मात्र बासुंदी किंवा मिल्कशेक करताना बियांसकट गर मिक्सरमध्ये फिरवू नये.

बी वाटले की विष मोकळे

बियांमध्ये असिटोजेनिन नावाची द्रव्ये असतात. ती पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचे काम बंद पाडतात. कीटक मरतात ते यामुळेच. उवाही मरतात, पण वाटलेल्या बियांची पूड किंवा ती मिसळलेले तेल डोके धुताना डोळ्यांत उतरते. काही तासांनी डोळा लाल होतो, असह्य दुखतो, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. बुबुळावरील पारदर्शक पडद्याचा, कॉर्नियाचा, वरचा थर सोलवटतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेकांचा डोळा काही दिवसांत बरा होतो. जंतुसंसर्ग झाला तर मात्र कायमचा डाग पडून नजर कमी होऊ शकते.

अशा वेळी डोळा चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली किमान १५ मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. दूध, मध, तूप घालू नये. दुकानातून स्वतःच्या मनाने ड्रॉप आणू नयेत, कारण स्टेरॉइडचे ड्रॉप अशा जखमेवर घात करू शकतात. डोक्याला काय लावले होते, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

उवांसाठी सोपा उपाय उपलब्ध आहे. एक टक्का परमेथ्रिनचे लोशन धुतलेल्या, पुसलेल्या केसांना लावून १० मिनिटांनी धुवावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. ओल्या केसांतून बारीक दातांच्या फणीने लिखा काढाव्यात. घरातील सर्वांचे डोके एकाच वेळी तपासावे, नाहीतर उवा फिरून येतात.

पानांचा काढा आणि कर्करोग

मामफळाच्या पानांचा काढा कर्करोग बरा करतो, असा मजकूर मोबाइलवर फिरतो. काचपात्रातील पेशी मरणे आणि माणूस बरा होणे यांत फार अंतर आहे. माणसांवरील चाचण्यांतून तसा पुरावा मिळालेला नाही. उलट कॅरिबियनमधील ग्वादलूप बेटावर मामफळ आणि त्याच्या पानांचा काढा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा, नेहमीच्या औषधाला दाद न देणारा आजार जास्त दिसल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कारण म्हणून संशय गेला तो ॲनोनासिन या असिटोजेनिनवर. पॉपॉमध्येही ते आढळते. हा संबंध पक्का सिद्ध झालेला नाही आणि हंगामात बेताने सीताफळ खाणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण रोजचा काढा पिणे आणि त्यापायी कर्करोगाचे उपचार लांबवणे, हे दोन्ही टाळले पाहिजे.

परसात जागा असेल तर सीताफळाचे झाड जरूर लावावे. गर घरात वाटून खावा. बिया रोपांसाठी ठेवायच्या असतील तर मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, उरलेल्या मातीत पुराव्यात. पाट्यावर मात्र त्या जाऊ देऊ नयेत.