पिन एकच हवी. पण ती गरिबाच्या फोनलाही हवी

शिष्यवृत्तीच्या ऑनलाईन अर्जाची शेवटची तारीख होती. कचेरी सुटल्यावर आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते राजुऱ्यातील आमच्या वस्तीच्या अभ्यासिकेत बसतो आणि मुलामुलींचे अर्ज भरून देतो. सायंकाळी सहाच्या सुमारास जिवती तालुक्यातील एका खेड्यातून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. पदवीच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेला. सर्व दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेले. अर्ज अर्धा भरून झाला आणि पडद्यावर नेहमीची सूचना आली : आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाका.

तो क्रमांक वडिलांच्या फोनमध्ये होता. फोन साधा, बटणांचा, आणि पूर्ण बंद पडलेला. "गावात दोन दिवसांपासून लाईन नाही जी," ते ओशाळून म्हणाले.

त्यात काय एवढे, असे आम्हाला वाटले. अभ्यासिकेच्या भिंतीवरील बोर्डाला पाच चार्जर लटकत होते. पण पाचही टाईप-सीचे! या फोनला लागते ती जुनी बारीक गोल पिन. शेजारच्या चार घरी विचारले, कोणाकडे नाही. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकावे म्हटले, तर तेही जुने, मोठ्या आकाराचे. नव्या फोनच्या खाचेत बसेना. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती घड्याळाकडे पाहत होती.

शेवटी बाजारातील एका मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे धावलो. त्याने फोनची बॅटरी काढली, खोक्यातून एक जुना चिमट्याचा चार्जर शोधला आणि बॅटरी त्यात अडकवली. अर्ध्या तासात फोन सुरू झाला, ओटीपी आला, रात्री साडेआठला अर्ज गेला. "पैसे राहू द्या काका, पोरीच्या शिक्षणाचं काम आहे," असे म्हणून त्याने दिलेले पैसे परत केले.

वाचकहो, त्या दिवसाचे निभावले. पण एका पिनेपायी एका मुलीचे वर्षभराचे पैसे जाण्याची वेळ आली होती, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणून आज या पिनेविषयीच दोन शब्द लिहीत आहोत.

नदी ओलांडली की नाणे बदले

आमच्या राजुऱ्याला हा अनुभव नवा नाही. राजुरा पूर्वी निजामाच्या राज्यात, आणि वर्धा नदीपलीकडचे बल्लारपूर, चांदा इंग्रजांच्या मुलखात. अलीकडे निजामाचा हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. साधारण ७ हालीला ६ कलदार असा भाव. नदी ओलांडली की खिशातले नाणे बदलावे लागे, आणि प्रत्येक बदलीत सराफाचा फायदा नि मजुराचा तोटा होई. १९४८ साली निजामाचे राज्य गेले आणि पुढील दशकात हाली सिक्काही व्यवहारातून गेला. सर्वांना एकच रुपया लागू झाला, तेव्हा कोणालाही त्याची चूक वाटली नाही.

घरातील दिव्याचेच पाहा. बल्ब कोणत्याही कंपनीचा आणा, खटक्याच्या होल्डरमध्ये तो बसतोच. होल्डर एका कंपनीचा आणि बल्ब दुसरीचा म्हणून अंधारात बसण्याची पाळी येत नाही. जे बल्बला जमले, ते फोनला का जमू नये?

युरोपने काय केले

युरोपात हा वाद बरीच वर्षे चालला. २००९ साली तेथे सुमारे ३० प्रकारचे चार्जर वापरात होते. तेव्हा प्रमुख कंपन्यांनी आपणहून मायक्रो-यूएसबी पिन स्वीकारण्याचा करार केला. त्यामुळे प्रकार घटून तीनवर आले. पण करार ऐच्छिक होता, आणि ऐच्छिक गोष्टीत ज्याला वेगळे राहायचे तो वेगळा राहतो. ॲपल कंपनीने २०१२ साली स्वतःची 'लाईटनिंग' ही वेगळी पिन आणली.

अखेर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने ६०२ विरुद्ध १३ अशा मतांनी कायदा संमत केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाईल फोनला टाईप-सी पिन बंधनकारक झाली. लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. आजवर नाही म्हणणाऱ्या ॲपलनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाईप-सीसह बाजारात आणला. तेथील सरकारी अंदाजानुसार टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरचा कचरा दरवर्षी सुमारे ११ हजार टन होतो, आणि अनावश्यक चार्जर घेणे टळल्यास ग्राहकांचे वर्षाला २५ कोटी युरो वाचतात.

आपल्या देशात

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये या विषयावर कंपन्या, संघटना व तज्ज्ञ यांची बैठक घेतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्मार्टफोन, टॅबलेट व लॅपटॉप यांना टाईप-सी असावी यावर बहुतेकांचे एकमत झाले, आणि भारतीय मानक ब्युरोने टाईप-सीचे मानकही प्रसिद्ध केले. येथवर सर्व ठीक. परंतु मानक प्रसिद्ध होणे वेगळे आणि ते सक्तीचे होणे वेगळे.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. याच चर्चेत साध्या बटणांच्या फोनला वेगळी पिन ठेवावी, असा विचार पुढे आला. का? तर स्वस्त फोनची किंमत वाढेल म्हणून. वरवर पाहता हा गरिबांचा कळवळा वाटतो. पण व्यवहारात काय घडेल? शिकलेल्यांच्या, पगारदारांच्या घरी एक पिन राहील. आणि शेतमजूर, निराधार म्हातारी, डोंगरपट्ट्यातील बाप यांच्या हाती दुसरी. दुकानदार खपेल तो माल ठेवणार. हळूहळू जुन्या पिनेचे चार्जर दुकानांतून नाहीसे होतील, आणि ज्याच्या फोनवर रेशनचा, पेन्शनचा, शिष्यवृत्तीचा निरोप येतो त्याचाच फोन बंद पडेल.

ज्याच्या घरी चोवीस तास वीज आहे, त्याला दुसऱ्याचा चार्जर मागावा लागत नाही. ज्याच्या गावात वीज जाते, त्याला शहरात आल्यावर कोणाच्या तरी घरी, हॉटेलात, बसस्थानकावर फोन लावावा लागतो. म्हणजे एकसारख्या पिनेची खरी गरज साध्या फोनवाल्यालाच अधिक आहे. युरोपच्या कायद्याने 'मोबाईल फोन' एवढेच म्हटले आहे. स्मार्ट आणि साधा असा भेद केलेला नाही. तेथे विकायचा तर बटणांच्या फोनलाही टाईप-सी द्यावी लागते. जे तिकडच्या म्हातारीला मिळते, ते जिवतीच्या म्हातारीला का मिळू नये?

विरोधकांचे म्हणणे

सक्ती केली तर नवे शोध थांबतील, असे कंपन्या म्हणतात. हा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. २००९ मध्ये मायक्रो-यूएसबी कायद्याने कायमची ठरवून टाकली असती, तर २०१४ साली आलेल्या, उलटसुलट कशीही बसणाऱ्या टाईप-सीला अडचण झाली असती. परंतु यावर उपाय आहे. नवे तंत्र आले की नियम बदलता यावा, अशी तरतूद कायद्यातच ठेवावी. युरोपने ती ठेवली आहे. शिवाय टाईप-सी कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही.

जुने चार्जर कचऱ्यात जातील, हा दुसरा आक्षेप. पण नियम नव्या फोनला लागू होतो. चालू असलेला जुना फोन कोणी फेकावा असे त्यात नाही. आणि कचरा आज कमी आहे काय? आम्ही वाणिज्य शाखेचे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एका रविवारी सहचारिणीने कपाटाचा खण रिकामा केला, तर १३ चार्जर निघाले. कामाचे ३, बाकी १० पडून. एकेकाचे दीडशे रुपये धरले तरी दीड हजार झाले. मुलांच्या वर्षभराच्या वह्यांचा खर्च आमच्या खणात पडला होता!

आमची मागणी

सरकारने टाईप-सीची सक्ती करावी, त्यासाठी तारीख ठरवावी आणि बटणांच्या फोनला त्यातून वगळू नये. कंपनीला चार्जरविना फोन विकायचा असेल तर तेवढी किंमत कमी करावी. किती वॅटचा चार्जर लागतो, हे खोक्यावर मराठीतही ठळक छापावे. कारण पिन सारखी असली तरी प्रत्येक चार्जर सारख्या वेगाने फोन भरत नाही.

आणि सरकार करील तेव्हा करील, आपणही काही करू या. चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण व 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का ते पाहावे. रस्त्यावरचा पन्नास रुपयांचा चार्जर महागात पडू शकतो. निकामी वायरी तांब्यासाठी जाळू नयेत, तो धूर लेकरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि जुना माल परत घेऊन त्याची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, हे सर्वांना सांगावे.

आमच्या खणातील दहापैकी सात चार्जर चालू निघाले. गोल पिनेचे दोन आणि मायक्रो-यूएसबीचे पाच. ते आम्ही अभ्यासिकेच्या बोर्डाशेजारी खिळ्याला अडकवून ठेवले आहेत आणि वर कागद लावला आहे : 'कोणीही वापरावे, वापरून येथेच ठेवावे.' आपापल्या गावी, आपापल्या अभ्यासिकेत वाचकांनीही एवढे करावे. जिवतीहून, कोरपन्याहून कोणी बाप लेकीला घेऊन शेवटच्या तारखेला येईल, तेव्हा निदान पिनेपायी त्याला परत जावे लागू नये.