चढाओढ आणि ग्राहक
१९१० सालीं वसलेली किर्लोस्करवाडी आणि सातारारोडचा कूपर कारखाना, दोहोंकडे लोखंडी नांगर होत. म्हणून शेतकऱ्यास निवड करतां येई. संगणकावरील खेळांचीं चित्रें उमटविणाऱ्या ग्राफिक्स कार्डांत एन्व्हिडिया व एएमडी यांची तशीच चढाओढ आहे. २०१५ सालीं एएमडीनें ‘नॅनो’ हें अवघें सहा इंची कार्ड काढलें. स्मृतीच्या चिपा एकावर एक रचून मुख्य चिपेलगत बसविल्यानें जागा वांचली. मूर्ति वामनाची, पाऊल त्रिविक्रमाचें! किंमत मात्र ६४९ डॉलर. एन्व्हिडियाची चिप असलेलीं आखूड कार्डें पुष्कळ स्वस्त होतीं. जानेवारी २०१६ मध्यें एएमडीनें ‘नॅनो’ची किंमत ४९९ डॉलरवर आणली. मुलानें हट्ट धरला तर सातारा-सांगलीच्या पालकांनीं हें स्मरावें. धीर धरणाराचा पैसा वांचूं शकतो. परंतु बाजारांत दुसरा कारागीर टिकून आहे तोंवरच.