कोठीतल्या धान्याला निंबोळीची राखण

वैशाखात गव्हाला उन्हे देऊन कोठी भरली की वर्षाची काळजी मिटली, असे आपण धरून चालतो. पण श्रावणात झाकण उघडावे तो दाण्यांना भोके पडलेली, तळाशी पिठूळ भुगा साचलेला आणि सोंडे किडे मजेत हिंडताना दिसतात. मग चाळणी निघते, सूप निघते आणि घरातल्या बायकांचे दोन दिवस त्यातच जातात. इतके करूनही आठ-पंधरा दिवसांत किडे पुन्हा हजर!

असे का होते? सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. अळी आतल्या आत दाणा खात वाढते आणि महिना-सव्वा महिन्याने किडा बाहेर पडतो. म्हणजे आपल्याला किडे दिसतात तेव्हा त्यांची पुढची पिढी दाण्यात लपलेली असते. चाळणीने ती निघत नाही. म्हणून उपाय करायचा तो कोठी भरतानाच.

ओझरच्या पंचक्रोशीत धान्यात कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत जुनी आहे. ती चांगलीच आहे. पण पाला झाडावरून ओरबाडून तसाच ओला घातला तर फायद्याऐवजी तोटा होतो. ओल्या पाल्याने धान्याला दमटपणा येतो आणि बुरशी धरते. पाला सावलीत कुरकुरीत वाळलेला हवा. तसे पाहिले तर पाल्यात जोर थोडाच असतो. खरा जोर निंबोळीच्या गरात, म्हणजे आतल्या मगजात आहे.

त्या मगजात ॲझाडिरॅक्टिन नावाचे कडू द्रव्य असते. त्याने कीड तडकाफडकी मरत नाही. तिचे खाणे सुटते, अंडी घालणे मंदावते आणि अळीला धड कात टाकता येत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली टोळधाडीच्या वेळी निंबोळीचे पाणी पिकावर फवारले, तेव्हा टोळांनी ते पीक तोंडी लावले नाही. पुढे गव्हाच्या बियाण्यात निंबोळीची पूड मिसळूनही पाहिले गेले. शंभर किलो बियाण्यास एक ते दोन किलो पूड पुरते आणि बी महिनेन् महिने टिकते.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. निंबोळीच्या तेलाने पिकावरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर एका अमेरिकन कंपनीने आणि तिथल्या शेती खात्याने १९९४ साली युरोपात पेटंट मिळवले होते. त्याला आव्हान दिले गेले, तेव्हा पुण्याचे उद्योजक अभय फडके यांनी म्युनिकला जाऊन साक्ष दिली. पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर १९८५-८६ मध्येच अशा अर्काच्या चाचण्या झाल्याचा पुरावा पुढे आला. मे २००० मध्ये पेटंट रद्द झाले आणि मार्च २००५ मध्ये तो निर्णय कायम राहिला. आपल्या बांधावरच्या झाडाची साक्ष पार जर्मनीत कामी आली म्हणायची.

आता कृतीकडे वळू या. जून-जुलैत पिवळ्या पडलेल्या निंबोळ्या गोळा कराव्यात. पाण्यात चोळून वरचा गर धुऊन टाकावा आणि बिया सावलीतच वाळवाव्यात, कारण कडक उन्हात औषधी गुण कमी होतो. टरफल फोडून मगज कुटला की पूड तयार. ही पूड पेरणीच्या बियाण्यात मिसळावी. खाण्याच्या धान्यात मात्र घालू नये, कडवटपणा उतरतो. खाण्याच्या धान्यासाठी पोत्यांना औषध द्यावे. एक किलो पूड दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळून घ्यावी, रिकामी पोती त्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवावीत आणि सावलीत पूर्ण वाळवून मगच भरावीत. वेखंडाची पूडही बियाण्यास चांगली, शंभर किलोस एक किलो. पण असे बी पुन्हा दळणात जाऊ देऊ नये.

कडधान्याचे गणित वेगळे आहे. हुलगा, मटकी, मूग, हरभरा यांवरचा भुंगा बहुधा शेतातूनच घरी येतो. मादी दाण्यावर पांढरट अंडी चिकटवते, अळी थेट आत शिरते आणि मोठा भुंगा तर दाणा खातच नाही. जो खात नाही त्याला कडूपणाचे काय? येथे तेल उपयोगी पडते. किलोला पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, करडईचे, शेंगदाण्याचे किंवा एरंडेल तेल हाताने चोळावे. प्रत्येक दाण्याला ते पुसटसे लागले पाहिजे. तेलाने अंडी गुदमरतात. आपल्या आज्या मटकीत राख मिसळत आणि तुरीची लवकर डाळ करून ठेवत, त्यातही शहाणपण होते. डाळीत भुंग्याचे फारसे चालत नाही. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या भगिनींना एका बाबतीत चिंता नाही. त्यांची नाचणी एवढी बारीक की किडा तिच्या वाट्याला सहसा जात नाही!

या साऱ्याच्या आधी धान्य वाळलेले हवे. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. ओलावा दहा टक्क्यांच्या आत असला तर बहुतेक किडींची वाढ खुंटते. उन्हातले तापलेले धान्य लगेच भरू नये, निवू द्यावे. नाही तर कोठीला आतून घाम येतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पूर्वी पोत्यांच्या थप्पीवर बी.एच.सी.ची पावडर मारत. ती १९९७ पासून आपल्या देशात बंद आहे. कोणाच्या माळ्यावर जुनी पुडी असेल तर ती वापरू नये. त्याहून भयंकर म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेल्या लेकरांना उठूही देत नाही. या विषावर उतारा नाही. या गोळ्या सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक प्रशिक्षित माणसांनीच वापरायच्या, असा नियम आहे. कोणी ओळखीने आणून दिल्या तरी त्या घरात ठेवू नका. एक पोते गहू किडला तर तो कोंबड्यांना घालता येईल.

वनस्पतीची औषधे गोळीसारखी झटपट नाहीत. कीड लागल्यावर ती फारशी कामाची नाहीत, लागण्याआधी कामाची. म्हणून पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावीत आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला हात घालून पाहावे. आतले धान्य कोमट लागले तर कीड किंवा ओल शिरली असे समजावे. ऊन पडताच ते पसरावे, चाळावे आणि निवल्यावर पुन्हा भरावे. तेल वा पूड लावलेल्या बियाण्याचे शंभर दाणे पेरणीआधी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. शंका असल्यास आपल्या गावच्या सहाय्यक कृषि अधिकाऱ्याला किंवा नारायणगावच्या कृषि विज्ञान केंद्रात विचारावे. जाताना मूठभर किडके धान्य बरणीत घालून न्यावे, म्हणजे कीड कोणती ते तेथेच सांगता येईल.