नव्या वर्षाचा लहानसा नेम

नाताळचा गोठा अजून उतरवलेला नसतो, कागदी नक्षत्र ओसरीवर अद्याप झुलत असते, तोच जुने वर्ष आपले गाठोडे बांधू लागते. गोव्यातील आमच्या गावी ३१ डिसेंबरला मुले पेंढ्याचा ‘जुना म्हातारा’ करतात, त्याला कुणाचा तरी फाटका कोट व टोपी चढवतात, घरोघर हिंडून चार पैसे गोळा करतात आणि मध्यरात्री त्याला अग्नी देतात. त्या ज्वाळांकडे पाहत आपणही मनोमन संकल्प करतो. उद्यापासून पहाटे उठेन, तंबाखूला शिवणार नाही, भावाशी धरलेला अबोला संपवीन! म्हाताऱ्याची राख होते. परंतु त्याच्या साऱ्या खोडी आपल्या घरीच मुक्कामाला राहतात, आणि तीन राजांचा सण येईतो संकल्पांचीही राख झालेली असते.

असे का व्हावे? आमच्या मते याची कारणे दोन. एक तर आपला संकल्प फार मोठा असतो. आणि दुसरे म्हणजे तो एकट्याचा असतो.

पहिल्या कारणाविषयी लंडनच्या विद्यापीठातील संशोधकांनी केलेला एक प्रयोग मननीय आहे. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ९६ व्यक्तींनी प्रत्येकी एकच साधी गोष्ट निवडली. कुणी जेवणासोबत फळ खावयाचे ठरवले, तर कुणी ठराविक वेळी पेलाभर पाणी प्यावयाचे. बारा आठवडे त्यांनी तो नेम पाळण्याचा प्रयत्न केला. काहींच्या अंगवळणी तो १८ दिवसांत पडला, काहींना २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. सर्वसाधारण काळ मात्र ६६ दिवसांचा भरला. म्हणजे १ जानेवारीस धरलेला नेम रुळावयास ७ मार्च उजाडतो! आठ दिवसांत हात टेकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्याच प्रयोगात असेही दिसले की, एखादा दिवस चुकला तरी नेम मोडत नाही. तो मोडतो ‘आता चुकलेच, तर जाऊ दे’ असे म्हणून सोडून दिल्याने.

दुसऱ्या कारणासाठी मात्र दूर जावयास नको. आमच्याच अनुभवाची गोष्ट सांगतो. ती सांगताना आमची मान खाली जाते.

आमच्या कुंपणापलीकडे एक वृद्ध मावशी एकट्या राहतात. मुलगा जहाजावर, मुलगी आपल्या संसारात दूरदेशी. सायंकाळी चर्चची घंटा झाली की त्या दिवा लावून मोठ्याने जपमाळेची प्रार्थना करीत, आणि तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. एका पावसाळ्यात एके सायंकाळी तो आवाज आला नाही. आमच्या ते लक्षात आले. ‘पाऊस आहे, ऐकू आले नसेल,’ अशी मनाची समजूत घालून आम्ही जेवलो व निजलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोदेर पाव घेऊन आला, तेव्हा सकाळी फाटकाला अडकवलेल्या पिशवीतील पाव तसेच होते. त्याने हाका मारल्या; उत्तर येईना, तेव्हा सायकल टाकून तो आत धावला. मावशी न्हाणीपाशी पडल्या होत्या. खुब्याचे हाड मोडले होते. एक रात्र आणि एक दिवस त्या तेथेच पडून होत्या.

देवदयेने त्या वाचल्या. पुढे घरी परतल्यावर आम्ही भेटीस गेलो. त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. एवढेच म्हणाल्या, ‘‘तुमच्या खिडकीतला दिवा मला तिथून दिसत होता रे बाळा. तो होता तोवर धीर होता. मग तो मालवला.’’

त्या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

एकाकीपण हे केवळ मनाचे दुखणे नव्हे, हे आता वैद्यकशास्त्रही सांगू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांत एकास एकाकीपण ग्रासते, आणि दरवर्षी सुमारे ८ लक्ष ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आढळतो. अमेरिकेतील बॉस्टन येथे १९३८ साली सुरू झालेला एक अभ्यास आजतागायत चालू आहे. शेकडो माणसांची आयुष्ये तरुणपणापासून वार्धक्यापर्यंत त्यात न्याहाळली गेली. पन्नाशीत जे आपल्या माणसांशी समाधानाने नांदत होते, तेच ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले. माणसास माणूस लागतो, हे आपले आजे-पणजे जाणत होतेच; त्याला आकड्यांची साक्ष मिळाली, इतकेच.

यास्तव, वाचकहो, यंदाचा नेम लहान असावा, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी संगतीने धरावा. त्याची सांगड घरात रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीशी घातली, म्हणजे वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. आपल्या खेड्यांतील घरांना तर सायंकाळची घंटा आयतीच मिळाली आहे.

रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावे. दिवसाकाठी एक जेवण तरी असे असावे की ज्या वेळी घरातील सारे मोबाईल कोनाड्यात पडून राहतील. प्रथम वडीलधाऱ्यांचा, मग मुलांचा! जो नियम वडील पाळीत नाहीत, तो मुले का पाळतील?

जेवणानंतर शेजाऱ्याला हाक मारून थोडे चालून यावे. प्रौढ माणसाने आठवड्यास निदान १५० मिनिटे चालण्यासारखे श्रम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. देशभरातील मधुमेहाच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत गोव्याचा क्रमांक सर्वांत वर होता. तेथील प्रौढांत शेकडा २६.४ जणांना हा विकार आढळला. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरचे चालणे अधिक गुणकारी. आणि सोबती असला म्हणजे आळसाला सबब उरत नाही. लोणचे, पापड, सुकी मासळी यांनाही जरा आवर घालावा. दिवसाला एक चहाचा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, याहून कमी मीठ पुरे.

परगावी गेलेल्यांची आठवण रविवारी एका ठरलेल्या वेळी फोन करून घ्यावी. पूर्वी पत्रे लिहीत. आता बोटाच्या टोकाशी माणूस असून महिनोन्‌महिने शब्द जात नाही. लांबलचक बोलणे नको. ‘जेवलास का?’ एवढे विचारले तरी समुद्रापलीकडे घर पोहोचते.

आणि शेवटचा नेम शेजारच्या दाराचा. आपल्या आळीत एकटे राहणारे कोण आहे, हे आजच आठवून पाहा. नाताळच्या नेवऱ्यांचे ताट आपण त्यांच्याकडे पाठवतो, ते उत्तमच. परंतु ताट वर्षातून एकदाच जाते, आणि पडणे-झडणे काही दिवस पाहून येत नाही.

त्या पावसाळ्यापासून आम्ही एकच नेम धरला आहे. सायंकाळची घंटा झाली की कुंपणापाशी जावयाचे आणि विचारावयाचे, ‘‘मावशी, दिवा लावलात?’’ पलीकडून उत्तर येते, ‘‘लावला रे!’’ यास अर्धे मिनिटही लागत नाही. आरंभी कधी विसर पडे, पाऊस आडवा येई. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जात असू. मध्यंतरी आम्ही तापाने अंथरुणास खिळलो. घंटा झाली, उठवेना. इतक्यात काठीचा आवाज आला, आणि कुंपणापलीकडून हाक ऐकू आली, ‘‘अरे, आज तुमचा दिवा दिसत नाही तो?’’

आमची खिडकी खरोखरच काळोखात होती. घरच्यांनी उठून दिवा लावला.